गाठीचं वय

डॉक्टरांनी विचारलं, "ही गाठ कधीपासून आहे?" आणि मी सांगितलं, "पंचवीस वर्षं झाली असतील." गाठ होती जेमतेम दोन वर्षांची.

माणूस डॉक्टरसमोर खोटं बोलतो ते सहसा खाण्यापिण्याबद्दल. स्वतःचं वय चोरणारेही पुष्कळ. गाठीचं वय वाढवून सांगणारा बहुधा मी पहिलाच. पण त्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीत माझा मेव्हणा बसला होता, आणि सगळा घोटाळा त्याच्यापासून सुरू होतो.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चंदगडचा. भात आणि काजू पिकवतो. अंगानं दांडगा, मनानं भाबडा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. पंगतीत जेवत असताना त्याच्या चुलत्याची नजर माझ्या उजव्या कानाखाली गेली. "पावणं, ह्ये काय आलंय?" मी बोट लावलं. कानाच्या पाळीखाली काजूगराएवढं काहीतरी होतं. टणक, बोटाखाली जरासं सरकणारं. खरं सांगायचं तर मला स्वतःला ते त्या क्षणीच कळलं. पण भरल्या पंगतीत, सासुरवाडीत, "मला ठाऊक नाही" कसं म्हणणार? मी जिलेबीचा तुकडा मोडत म्हटलं, "त्ये व्हय? तालमीतला जुना मार हाय. हवा बदलली की वर येतोय."

पंगतीतल्या माना एकदम आदरानं माझ्याकडे वळल्या. कोल्हापूरचा जावई आणि त्यात पैलवान! वाढप्यानं न विचारता माझ्या पानात आणखी एक जिलेबी टाकली. त्या जिलेबीनं माझा घात केला.

तालमीत मी गेलोच नव्हतो असं नाही. कॉलेजात असताना एक पावसाळा गेलो होतो. वस्तादांनी पहिल्या दिवशी फावडं हातात देऊन आखाड्याची तांबडी माती खणायला लावली. माती खणून झाली की मला दम लागायचा, आणि मग मी थंडाईच्या पातेल्याशेजारी बसायचो ते उठायचो तालीम सुटल्यावर. लढलो म्हणावं अशी एकही कुस्ती माझ्या नावावर नाही. वस्तादांचे दोन्ही कान दबून, सुजून गुळाच्या खड्यांसारखे झालेले. तिथल्या प्रत्येक पोराच्या कानावर आखाड्यानं काही ना काही खूण केलेली. तालमीत त्याला कान मोडणं म्हणतात, आणि मोडका कान म्हणजे पैलवानाची ओळख. माझे कान मात्र आईनं दिले तसेच घरी परत आले.

माझं राजारामपुरीत चष्म्याचं दुकान आहे. दुकानभर आरसे. दिवसभर मी लोकांच्या कानामागं हात घालून काड्या नीट बसवतो. "इथं टोचतंय का? इथं दाबतंय का?" असं शंभरदा विचारतो. माझ्या स्वतःच्या चष्म्याची उजवी काडी गाठीवर टेकायला लागली तेव्हा मी काय केलं? काडी गरम केली आणि बाहेरच्या बाजूला वाकवली. गाठ दाखवायची सोडून मी चष्मा गाठीच्या मापाचा केला. पुढच्या उन्हाळ्यात परत वाकवली. दिवाळीला आणखी थोडी. तेवढ्या काळात काजूगराचं लिंबू झालं होतं. ही वाढ मला दिसत नव्हती असं नाही. पण माझ्या आरशात मी नेहमी समोरूनच बघायचो.

बायको म्हणायची, "अहो, कुणाला तरी दाखवा की."

"दुखत न्हाय, काय न्हाय. काय दाखवायचं?"

हेही खोटं होतं. हिवाळ्यापासून त्या बाजूनं भाकरी चावली की कानाखाली एक कळ यायची, बारीक, सुतासारखी. मी दुसऱ्या बाजूनं चावायला लागलो.

मग मेव्हणा एकदा दुकानात स्वतःचा चष्मा बदलायला आला. मी त्याच्या डोळ्यावर चष्मा चढवला, त्यानं डोळे किलकिले केले, आणि नव्या नंबरातून त्याला सगळ्यात आधी दिसली ती माझी गाठ. "दाजी! मार असा वाढतोय व्हय कवा? चला, उठा." मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढेपर्यंत त्यानं रिक्षा थांबवली होती.

त्या डॉक्टरीणबाई मान आणि चेहऱ्याच्या गाठींच्या शस्त्रक्रिया करतात. माझ्या भाचीच्या वयाच्या असतील. दोन्ही हातांनी त्यांनी गाठ चाचपली. तोंडात बॅटरी मारून घसा पाहिला, मानेच्या दोन्ही बाजू बोटांनी तपासल्या. मग म्हणाल्या, "काका, कपाळाला आठ्या घाला. आता डोळे घट्ट मिटा. गाल फुगवा. दात दाखवा." मी सगळं केलं. मेव्हणा कौतुकानं बघत होता. आणि मग तो प्रश्न आला, कधीपासून?

माझ्या तोंडून पंचवीस वर्षं निघाली. मेव्हण्यानं लगेच री ओढली, "तालमीतला मार हाय, डॉक्टर. दाजी पैलवान हुते."

डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्या दंडांकडे पाहिलं. हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"दुखतं का?"

"छे." पैलवानाला कुठं दुखतं?

त्यांनी कागदावर एक चेहरा काढला. कानाच्या पुढून खालपर्यंत एक पसरट आकार काढून म्हणाल्या, "हा मार नाही. ही लाळेची ग्रंथी आहे." लाळ जिभेखाली कुठंतरी आपोआप सुटते अशी माझी पन्नास वर्षांची समजूत. तिचा एवढा मोठा कारखाना कानाखाली असतो हे मला नवीन होतं. मग त्यांनी त्या आकारातून एक रेघ ओढली आणि तिला फांद्या फोडल्या. एक कपाळाकडे, एक डोळ्याकडे, गालाकडे, ओठाकडे. "ही चेहरा हलवणारी नस. ती बरोबर या ग्रंथीतून जाते. म्हणून तुम्हाला तोंडं करायला लावली."

"म्हंजे काय वाईट न्हाय न्हवं?" मेव्हण्यानं विचारलं.

"या ग्रंथीतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण..." आणि त्या 'पण'वर त्या थांबल्या. "वर्षानुवर्षं गप्प बसलेली गाठ अचानक वाढायला लागली, तर ती आतून बदलली असेल अशी शंका घ्यावी लागते. तुमची पंचवीस वर्षं शांत होती म्हणता, आणि आता वाढली. मला ते जरा काळजीचं वाटतं."

 म्हणजे मी जी पंचवीस वर्षं फुकट वाढवून दिली होती, त्यांनीच माझ्या गाठीला संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. आत्ता खरं सांगावं. तोंड उघडलं. शेजारी मेव्हणा भक्तिभावानं माझ्याकडे बघत होता. तोंड मिटलं. म्हटलं, नंतर सांगू.

सोनोग्राफी झाली. मग सुई. कानाखाली बारीक सुई घालून गाठीतल्या थोड्या पेशी ओढून घेतात. मला वाटलं होतं, सुई गेली म्हणजे निकाल लागला. निकालात लिहून आलं की पेशी शंकास्पद आहेत, नक्की सांगता येत नाही. एवढं टोचून घेऊन उत्तर 'माहीत नाही'! डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "लाळेच्या ग्रंथीत गाठींचे खूप प्रकार असतात. काही एकमेकींसारख्या दिसतात. सुईत येतात चार पेशी, त्यावरून पूर्ण ओळख पटत नाही. गाठ पूर्ण काढून तपासली की नाव कळतं. म्हणून तर मी तुम्हाला खोदून विचारते, किती दिवस, किती दुखतं. सुई सांगत नाही ते पेशंट सांगतो." मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलो.

घरी सांगावंच लागलं. बायकोनं ऐकून घेतलं, गॅस बंद केला. मग म्हणाली, "पुढच्या वेळेला मी येणार."

एमआरआयची तारीख मिळेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझ्या दुकानातल्या आरशांना विचारा. चेहऱ्याच्या त्या नसेचं एवढं भय बसलं की गिऱ्हाईक नसलं की मी आरशासमोर उभा राहून हजेरी घ्यायचो. आठ्या, हजर. डोळे, हजर. गाल फुगवून बघायचा, हवा निसटते का. दात दाखवायचे, दोन्ही कोपरे सारखे वर जातात का. कधी वाटायचं उजवा कोपरा खाली आहे. घाम फुटायचा. मग आठवायचं, आरशात उजवं डावं उलटं दिसतं. परत पहिल्यापासून.

एकदा अशीच हजेरी चालू असताना एक बाई मागं फ्रेम लावून बघत होत्या, हे मी विसरलो. समोरच्या आरशात त्यांना मी दिसलो, बाजूच्या आरशात दिसलो आणि काउंटरच्या आरशातही दिसलो. तिन्हीकडे एक पोक्त दुकानदार डोळा मिटतोय, गाल फुगवतोय आणि त्यांच्याकडे बघून दात काढतोय. बाईंनी फ्रेम काढून ठेवली. "बघते नंतर," म्हणाल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

बाहेर वेगळंच. शेजारच्या चहावाल्यापासून वरच्या क्लासच्या सरांपर्यंत सगळ्यांनी एकच निदान केलं: मावा, तंबाखू-सुपारीचा. "आम्हाला वाटायचं तुम्ही खात न्हाईसा. गुपचूप व्हय?" मी शपथा घेतल्या. कुणी विश्वास ठेवला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की तोंडाच्या कॅन्सरचं आणि तंबाखूचं जसं सरळ नातं आहे, तसं या ग्रंथीचं नाही, बऱ्याचदा कारण सापडतच नाही. हे मी चहावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "कारण न्हाय असं कुठं असतंय व्हय?" त्याचं वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. मावा खाल्ला असता तर निदान पश्चात्ताप तरी करता आला असता. नुसतीच भीती हातात घेऊन बसायला फार जड जातं. मोबाइलवर शोधलं तर दर पानावर नवी भीती. शेवटी बायकोनं मोबाइलच काढून घेतला.

एमआरआय घेऊन आम्ही दोघं गेलो. बायको माझ्यापेक्षा पुढच्या खुर्चीत बसली. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरले आणि म्हणाल्या, "तर ही पंचवीस वर्षं जुनी गाठ..."

"किती?" बायको.

"पंचवीस. काकांनीच सांगितलं. कुस्तीत लागलं होतं ना?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण तसं बघणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "मॅडम, ह्यांनी आयुष्यात कुस्ती बघितली असंल, तीबी लांबनं. गाठ माझ्या भावाच्या वास्तुशांतीला दिसली. त्याला दोन वर्षं झाली. आणि ह्यास्नी दुखतंय. उजव्या बाजूनं भाकरी चावत न्हाईत. मला काय दिसत न्हाय व्हय?"

 डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावतील असं वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी चाचरत म्हटलं, "मग आता... जुनी न्हाय म्हंजे... कॅन्सर न्हाय न्हवं?" माझ्या डोक्यात एक येडा हिशेब चालू होता. एका खोट्यानं आजार वाढवला होता, दुसऱ्यानं लपवला होता. दोन्ही एकदम मागं घेतली की फिट्टंफाट होईल.

"तसं नसतं, काका," त्या म्हणाल्या. "जुनी गाठ बदलली, ही शंका आता मागं पडली. पण दोन वर्षांत एवढी झाली आणि दुखते, ही शंका नवीन आली. दुखणं मला आवडलेलं नाही. तुम्ही काय सांगता ते मला ऐकू येतं. गाठीला ऐकू येत नाही."

मग त्यांनी फोटोत बोट ठेवून दाखवलं. गाठ नसेच्या अगदी जवळ होती. चिकटली आहे की नुसती टेकली आहे, ते आत गेल्यावरच कळणार. टेकली असेल तर नस सोडवून घेता येईल. गाठ नसेत शिरली असेल तर नस कापावी लागेल.

"कापली तर?" बायकोनं विचारलं.

"त्या बाजूचा डोळा पूर्ण मिटणार नाही. तोंड एका बाजूला ओढलं जाईल. त्यावर पुढं उपाय करता येतात, पण पहिल्यासारखं होईल असं मी सांगणार नाही."

मी आयुष्यभर गप्पा मारून जगलोय. चष्मा कुठंही मिळतो. माझ्याकडे लोक येतात ते चष्म्याबरोबर एखादा किस्सा फुकट मिळतो म्हणून. भुवई कुठं उडवायची, ओठ कुठं मुडपायचा, त्यावर माझा अर्धा किस्सा चालतो. अर्धा चेहरा गेला तर? त्या दुपारी पहिल्यांदा मला कॅन्सर या शब्दापेक्षा माझ्या भुवईची जास्त भीती वाटली, आणि त्याची लाजही वाटली.

परतताना आम्ही रिक्षा केली. शाहू मिलपाशी रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि मग सोडलंच नाही. घर जवळ आल्यावर म्हणाली, "तोंड वाकडं झालं तर झालं. सरळ होतं तवा तरी काय खरं बोलत हुतं?"

शस्त्रक्रियेच्या सकाळी मी शेवटची हजेरी घेतली. तिथल्या बाथरूमच्या डाग पडलेल्या आरशात. आठ्या, डोळे, गाल, दात. सगळे हजर. त्यांना म्हटलं, संध्याकाळी भेटू, जमलं तर.

शुद्धीवर येताना आधी फक्त आवाज आला. "काका, डोळे मिटा. घट्ट." मला वाटलं मी मिटलेत, पण खात्री कुणाला? "छान. आता दात दाखवा." दाखवले. मग कुणीतरी रडताना ओढतात तसं जोरात नाक वर ओढलं. ती बायको होती.

नस वाचली होती. गाठ तिला चिकटून बसली होती, पण आत शिरली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी एकेक फांदी सोडवून घेतली होती. ओढाताणीनं ओठाचा उजवा कोपरा काही आठवडे सुस्त राहील, म्हणाल्या. चहा प्यायलो की एक थेंब हनुवटीवरून खाली यायचाच. बायको रुमाल घेऊन तयार बसायची.

पण गाठीचं नाव अजून कळलं नव्हतं. ती आख्खी तपासायला गेली होती. डोक्याभोवती फेट्याएवढं बँडेज, आणि आत एकच विचार: नस वाचली, पण गाठ काय म्हणते? हे दिवस मला सगळ्यात वाईट गेले. आधी भीती वाटायची तेव्हा निदान गाठ हाताला लागत होती. आता तिथं बोट लावायचो तर कानाची पाळी बधिर. माझी पाळी की दुसऱ्याची, कळायचं नाही. रात्री बायकोला उठवून विचारायचो, "गाठ परत आली काय गं?" ती म्हणायची, "बँडेज हाय त्ये. झोपा."

अहवाल आला त्या दिवशी टाकेही काढायचे होते. डॉक्टरीणबाईंनी आधी टाके काढले.  मग कागद उलगडला आणि शांतपणे म्हणाल्या, "कॅन्सर आहे, काका. होता म्हणा." त्यांनी एक लांबलचक नाव सांगितलं, ते मला अजून एका दमात म्हणता येत नाही. पण सौम्य जातीचा, सावकाश वाढणारा. गाठीच्या सगळ्या कडांना निरोगी मांस मिळालं होतं, म्हणजे मागं काही राहिलं नव्हतं. शेकाची, म्हणजे रेडिएशनची, आत्ता गरज नाही. तपासणीला मात्र वर्षानुवर्षं यायचं, न चुकता. "आणि पुढच्या वेळी कधीपासून विचारलं तर," त्या बायकोकडे बघून म्हणाल्या, "उत्तर तुम्ही द्यायचं."

बायको "व्हय" म्हणाली आणि लगेच तोंड फिरवलं. मी तिच्याकडे बघून हसायला गेलो. अर्धाच हसलो. उरलेलं हसू ओठाच्या उजव्या कोपऱ्यात अडकून राहिलं. ही भीती आता माझ्या सोबतीला राहणार, दर तपासणीला माझ्याआधी रिक्षात जाऊन बसणार, हे मला तिथंच कळलं.

बाहेर आलो तर बाकावर मेव्हणा बसलेला. आणि त्याच्या शेजारी वस्ताद. पांढरा सदरा, हातात काठी, आणि ते गुळाच्या खड्यांसारखे दोन कान. 

मेव्हण्यानं खाली बघत सांगितलं, "दाजी, म्या तालमीत जाऊन आलतो. म्हटलं वस्तादास्नी इचारावं, कंच्या कुस्तीत लागलं हुतं. डॉक्टरला सांगाया बरं, म्हणून." वस्तादांनी त्याला काय सांगितलं असेल ते मला कळलं. 

बायकोनं हळूच अहवाल सांगितला. कॅन्सर होता, पण सगळा निघाला. मेव्हण्यानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.  वस्ताद काठी बाकाला टेकवून उठले, माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. कानापुढून निघून पाळीला वळसा घालून मानेपर्यंत उतरलेला तो ताजा व्रण त्यांनी वरपासून खालपर्यंत नीट बघितला. बधिर पाळी चिमटीत धरून हलवली. मला काही कळलं नाही, फक्त त्यांच्या हाताला तांबड्या मातीचा वास येत होता.

मग हनुवटी सोडून ते म्हणाले, "आमच्या तालमीत पोरांनी कान मोडून घेतले ते शुद्धीवर. भूल देऊन कान मोडून घेणारा तू पहिलाच, लेका."